चौल-रेवदंडा : बंदर गेले, वस्ती राहिली

आज आपण एका जुन्या बंदरात जरा फिरून येऊ. घाई मुळीच नाही. हा गड चढण्यासारखा दमछाकीचा प्रवास नव्हे. डोक्याला टोपी किंवा टॉवेल, पायांत साध्या वहाणा आणि हाताशी एक अख्खा दिवस, एवढी तयारी पुरे. अलिबागेहून मुरूडच्या रस्त्याला लागायचे. आक्षी मागे टाकायची, नागाव मागे टाकायचे. (आक्षीला मराठीतील अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक शिलालेख आहे. वाट वाकडी करायची तयारी असेल तर तोही पाहावा.) मग दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या दाटू लागतात, रस्ता अरुंद होतो, उन्हाची तिरीप तेवढी मधूनमधून अंगावर पडते. तेथे उतरायचे. हे चौल. येथून चालत दक्षिणेकडे निघाले की तासाभरात रेवदंडा आणि खाडीपलीकडे कोर्लई. आपली फेरी एवढीच.

उतरल्याबरोबर आपण विचाराल, "अहो, पण बंदर कुठे आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे. गलबते नाहीत, धक्क्यावरची गर्दी नाही, वखारी नाहीत. रहाटाच्या विहिरी, पाटाचे पाणी, शेणाने सारवलेली अंगणे आणि त्यांत वाळत घातलेली सुपारी. पाहणाऱ्याला वाटावे, हे गाव जन्मापासून असेच निवांत असेल. पण तसे नाही बरे का! जवळजवळ सतराशे वर्षे या गावाचे नाव दूरदूरच्या दर्यावर्दी लोकांच्या तोंडी होते.

पहिल्या शतकातील ग्रीक खलाश्यांच्या मार्गदर्शिकेत पश्चिम किनाऱ्यावरील 'सेमिल्ला' नावाचे बंदर येते. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात त्याचेच 'सिमिल्ला' होते. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत 'चेमुला' हे नाव आहे, आणि अरब प्रवासी 'सैमूर' म्हणतात. ही सारी नावे चौलचीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नाव एकच, पण ज्याच्या जिभेला जसे वळले तसे त्याने उच्चारले. बंदराच्या गावाचे हे पहिले लक्षण ध्यानात ठेवा. त्याचे नाव कधी एका भाषेत मावत नाही.

दहाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बगदादचा अल्-मसूदी नावाचा विद्वान प्रवासी येथे येऊन गेला. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते आणि झंझ राजा गादीवर होता. मसूदी लिहितो, की या गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे. आणि बाहेरून आलेल्यांची येथेच जन्मलेली मुलेही त्यांत आहेत. शिवभक्त शिलाहारांच्या राज्यात ही मंडळी आपल्या रीतीने नांदत होती. राजाला जकात हवी होती, व्यापाऱ्याला निर्धास्तपणा हवा होता, आणि दोघांनाही एकमेकांची गरज होती. सहिष्णुता हा शब्द मोठा आहे. बंदरात ती रोजच्या व्यवहारातून येई. ज्याच्याशी उद्या पुन्हा सौदा करायचा आहे, त्याच्याशी आज भांडून कसे चालेल?

चला, रामेश्वराच्या देवळाकडे वळू. समोर पायऱ्यांची सुरेख पुष्करिणी आहे. तिच्या काठावर पाच मिनिटे बसा. देवळाच्या मंडपात जमिनीखाली कुंडे आहेत. त्यांतल्या एकाचे नाव पर्जन्यकुंड. पावसाने फारच ओढ दिली, तर गावाने जमून हे कुंड उघडायचे, अशी येथील जुनी रीत. विचार करून पाहा, समुद्राच्या काठावरचे गाव, आणि तरी त्याची आस गोड्या पाण्याची! पण ते खरेच आहे. गलबताला खारे पाणी लागते. गलबतातून उतरलेल्या माणसाला गोडे. चौलला विहिरी चांगल्या, तळी पुष्कळ. येथे वर्षाच्या दिवसांइतकी देवळे आणि तितकीच तळी होती, असे गावची मंडळी सांगतात. आकडा मोजून पाहण्याच्या भानगडीत आपण पडू नये. गावाला आपल्या भरभराटीची आठवण कशा रूपात ठेवावीशी वाटली, एवढे त्यातून समजते.

गावामागे टेकड्या आहेत. एकीवर दत्ताचे स्थान. दत्तजयंतीला तेथे मोठी यात्रा भरते. दुसरीवर हिंगळाजदेवी, आणि तिच्या जवळपास खडकात कोरलेल्या जुन्या बौद्ध लेण्यांच्या काही खोल्या. हिंगळाजचे मूळ पीठ कोठे, ठाऊक आहे ना? पार बलुचिस्तानात, मकरानच्या किनाऱ्याजवळ. पायथ्याच्या बाजूला जुना हमामखाना आहे, राजकोटाचे पडके अवशेष आहेत. एका मैलाच्या परिसरात भिक्षूंच्या खोल्या, बलुचिस्तानच्या नावाची देवी, शिवाचे देऊळ आणि सुलतानी अमदानीतले स्नानगृह! ही काही कोणी मांडून ठेवलेली प्रदर्शने नव्हेत. एकामागून एक माणसे आली, राहिली आणि आपापले दैवत, आपापल्या सवयी येथे ठेवून गेली.

आता घोड्याची एक गोष्ट सांगतो. दख्खनच्या सुलतानांना घोडदळासाठी अरबी घोडे हवे असत, आणि ते समुद्रावाटे येत. 1469 च्या सुमारास रशियातील त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को-द-गामा कालिकतला आला 1498 मध्ये. म्हणजे हा गृहस्थ त्याच्याआधी जवळजवळ तीस वर्षे. ना त्याच्यामागे राजा, ना आरमार, ना तोफ. वाटेत चाचांनी लुबाडलेला, कर्जाच्या धास्तीने घरी परतू न शकणारा हा साधा उदमी माणूस. त्या घोड्यासाठी आपले शंभर रूबल गेले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

चौलहून तो पाली, उमरी असे करीत घाट चढून जुन्नरला पोचला. तेथील खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि फर्मावले, "आमचा धर्म घे. घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाहीतर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंडही भरावा लागेल." मुदत चार दिवसांची. बिचारा परक्या मुलखात एकटा! पण ऐन वेळी ख्वाजा महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने मध्ये पडून रदबदली केली. निकितिनचा धर्मही राहिला आणि घोडाही परत मिळाला. ध्यानात घ्या, संकटात टाकणारा मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान. इतिहासाची सरळसोट दोन रकान्यांत मांडणी करू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. पुढे मायदेशी परतताना घर गाठण्यापूर्वीच निकितिन वारला, पण त्याची टिपणवही उरली. 1957 साली त्याच्या प्रवासावर 'परदेसी' हा चित्रपट भारत आणि रशिया यांनी मिळून काढला. रेवदंड्यातील शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभही आहे. तो पाहायला विसरू नका.

निकितिननंतर चाळीस वर्षांच्या आतच या खाडीच्या तोंडाशी तोफा धडाडू लागल्या. मार्च 1508 मध्ये येथे पोर्तुगीज आरमाराची गाठ इजिप्तच्या सुलतानाच्या आरमाराशी पडली. त्यांच्या मदतीला दीवचा मलिक अयाज होता. पोर्तुगीज सेनानी लोरेंसो द आल्मैदा हा व्हाइसरॉयचा मुलगा. तो या लढाईत पडला. पाय निकामी झाल्यावरही डोलकाठीला टेकून बसून तो हुकूम देत होता, अशी कथा सांगतात. पुढच्याच वर्षी बापाने दीवसमोर त्याचा सूड उगवला, आणि अरबी समुद्रावरील सत्तेचे पारडे पालटले.

मिरी, मसाले, कापड, घोडे यांचा धंदा पूर्वीही होताच. फरक पडला तो असा, की समुद्र आजवर कोणा एकाचा नव्हता; आता त्यावर परवाना लागू लागला. पोर्तुगिजांचा परवाना जवळ नसलेले गलबत म्हणजे चाचेगिरीचे भक्ष्य, आणि चाचे म्हणजे खुद्द परवाना देणारेच! अहमदनगरच्या निजामशाहीचे चौल हे महत्त्वाचे बंदर. घोडे तर हवेतच. तेव्हा बुऱ्हाण निजामशहाने 1521 साली पोर्तुगिजांना खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधण्याची परवानगी दिली. 1524 पर्यंत तो उभा राहिला. तेच आपले रेवदंडा.

म्हणजे यापुढे चौल दोन झाली. आत वाड्यांत वसलेले जुने चौल निजामशाहीचे, आणि वाळूच्या दांड्यावरचे तटबंदीचे चौल पोर्तुगिजांचे. दोघांमध्ये अंतर फार तर घटकाभर चालण्याचे. भांडण आणि व्यवहार, दोन्ही सोयीचे! सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोझा नावाच्या पोर्तुगीज लेखकाने येथील मोसमाचे वर्णन केले आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत व्यापाराची धामधूम. घाटावरून लादलेल्या बैलांचे तांडे उतरत, आणि मलबारची गलबते नारळ, सुपारी, मसाले घेऊन येऊन गहू, तांदूळ, कापड भरून नेत. त्याच शतकाच्या अखेरीस डच प्रवासी लिन्शोटेन जुन्या चौलच्या कारागिरांची तारीफ करतो. रेशीम विणणारे, नक्षीच्या पेट्या आणि मेजे करणारे हात तटाच्या बाहेर, देशी चौलमध्ये होते. हे विसरून चालत नाही. तट परक्यांनी बांधला, पण तटाच्या आत पैसा येई तो या हातांच्या जिवावर.

बोलत बोलत आपण रेवदंड्याच्या वेशीशी आलोसुद्धा. बघा, रस्ता सरळ तट फोडून आत शिरतो आहे. पाहण्यासारखी गोष्ट अशी, की हा किल्ला ओसाड नाही. तटाच्या आत गाव आहे. घरे आहेत, दुकाने आहेत, सायकली लावलेल्या आहेत. तटावर वडा-पिंपळांनी मुळे रोवली आहेत. वाडीतून पुढे गेले की झाडांच्या शेंड्यांवर मान काढून उभा असलेला एक उंच मनोरा दिसतो. लोक त्याला सातखणी म्हणतात. फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाचा तो मनोरा. सात खणांतील वरचे खण आता ढासळले आहेत, तरी जे आहे ते मान वर करून पाहावे लागते. डोमिनिकन मठाचे अवशेष, जेसुइटांच्या इमारतीच्या भिंती, मोठ्या चर्चचे भग्न भाग, सारे या पोफळींच्या दाटीतच सापडतात. कोठे दाराच्या दगडी कमानीवर कोरलेले राजचिन्ह, तर कोठे गवतात पडलेली तोफ.

या तटाने काय काय पाहिले! 1570 च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने प्रचंड फौजेनिशी याला वेढा घातला. त्याच सुमारास आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. महिन्यांमागून महिने लढाई चालली, आणि 1571 मध्ये तह होऊन वेढा उठला. समुद्राकडील वाट मोकळी असेपर्यंत हा किल्ला उपासमारीने पडणे शक्य नव्हते. 1683 साली संभाजी महाराजांच्या सैन्यानेही याला वेढले. तेव्हाही तो टिकला. मग पडला केव्हा? गंमत हीच, की तो लढाईत पडलाच नाही. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि उत्तरेकडील पोर्तुगीज सत्तेचा कणाच मोडला. मराठे गोव्याच्या साष्टीतही घुसले होते. ते तेथून निघावेत म्हणून 1740 च्या तहात पोर्तुगिजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केली. जे दोनशे वर्षे तोफांनी मिळाले नाही, ते कागदावरच्या कलमाने मिळाले.

तोपर्यंत बंदराचा जीव मात्र केव्हाच निघून गेला होता. आधी सुरत पुढे गेली, मग मुंबई. खाडीत गाळ साचत होता. व्यापारी आणि कारागीर, जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो, असे आपण सहज म्हणतो. पण पोट भरायचे तर त्यांनी दुसरे काय करायचे? मुंबईत काळबादेवी-भुलेश्वरच्या भागात चेऊलवाडी आहे. मुंबईच्या वाचकांनी ते नाव शेकडो वेळा ऐकले असेल. ते चौलचेच नाव. चौलच्या विणकरांनी नव्या बंदराची वाट धरली आणि बिऱ्हाडाबरोबर गावाचे नावही नेले.

गेलेल्यांची गोष्ट झाली. आता राहिलेल्यांची.

रेवदंड्यात बेने इस्रायल समाजाचे 'बेथ एल' हे प्रार्थनामंदिर आहे, 1842 सालचे. आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा. ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' असे नाव दिले. घरात मराठी, अंगावर मराठी लुगडे-धोतर आणि आडनावे आसपासच्या गावांची : किहीमकर, रोहेकर, पेणकर, चौलकर. 1948 नंतर त्यांतील पुष्कळसे इस्रायलला गेले. जाताना मराठी बरोबर घेऊन गेले.

आता खाडी ओलांडू. पूर्वी येथे होडीची वाट पाहत बसावे लागे. आता पूल आहे. समोर समुद्रात घुसलेला डोंगर दिसतो ना, एखादी मगर पाण्यात तोंड घालून पडावी तसा? तोच कोर्लईचा किल्ला. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांच्या उरावर तो बांधायला घेतला, आणि 1594 मध्ये पोर्तुगिजांनीच तो जिंकला. चढण अवघड नाही. वाटेत दीपगृह लागते. वर गेले की एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र आणि पलीकडे नारळींच्या गर्दीत बुडालेला रेवदंड्याचा तट. हा देखावा पाहिला म्हणजे येथे बंदर का झाले, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पण मी आपल्याला एवढ्या लांब आणले ते देखाव्यासाठी नव्हे. किल्ल्याच्या पायथ्याशी गाव आहे. तेथील ख्रिस्ती वस्तीत उभे राहून थोडे कान देऊन ऐका. मराठी ऐकू येईल. पण घराघरांतून आणखी एक बोली ऐकू येईल, जी आपल्याला कळणार नाही. तिचे नाव 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा'. शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण वाक्याची ठेवण बरीचशी मराठीसारखी, क्रियापद शेवटी. 1740 मध्ये गोव्याला जाण्याची ऐपत ज्यांची होती ते साहेबलोक गेले. जे गरीब होते, कष्टकरी होते, या मातीतच जन्मलेले होते, ते मागे राहिले. राज्य गेले, लष्कर गेले, व्यापार गेला. आणि चारही बाजूंनी मराठीने वेढलेल्या या लहानशा गावाने ही बोली पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ तोंडात जपली. लिहून नव्हे, केवळ बोलून.

आज ती बोलणारी माणसे हजाराच्या आत आहेत. मुले शाळेत मराठी शिकतात, पुढे इंग्रजी. पोटापाण्यासाठी तरुणांना बाहेर पडावे लागते. त्यात त्यांचा काय दोष? मात्र तट पडला तर चित्रावरून, मोजमापांवरून पुन्हा उभारता येईल. आजीच्या तोंडची बोली नातवाने उचलली नाही, तर ती कोणत्या चुन्याने सांधणार?

आपण म्हणाल, "ही त्या गावची गोष्ट. आमचा काय संबंध?" तर मग उद्या सकाळी उठल्यावर एवढे करा. खुंटीवरची चावी घ्या, बादलीत पाणी काढा, साबण लावा, चहाबरोबर पाव खा. भाजीला बटाटा असेलच. महिनाअखेर असेल तर पगाराची वाट पाहा. चावी, बादली, साबण, पाव, बटाटा, पगार हे सारे शब्द त्याच गलबतांतून उतरलेले पोर्तुगीज पाहुणे आहेत. घमेले, बिजागरी, लिलाव आणि तुरुंगसुद्धा! कोर्लईने अख्खी बोली सांभाळली. आपण तिचे मूठभर शब्द घेतले आणि ते कोठून आले हे विसरून गेलो. एवढाच काय तो फरक.

परतताना पुन्हा वाड्यांतून या. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. तरी लोकांनी पुन्हा रोपे लावली. बंदर बुडाल्यावर व्यापारी निघून गेले, वाडीवाला मात्र राहिला. गाव तगले ते त्याच्या धीरावर, कोळ्याच्या जाळ्यावर आणि कोर्लईच्या आजीच्या बोलण्यावर.

तेव्हा वाचकहो, चौलला याल तेव्हा तट अवश्य पाहा. त्याचा दगड कोणी घराच्या कुंपणासाठी नेत असेल, तर गोडीगुलाबीने दोन शब्द सांगा. पण फक्त दगड पाहून परत फिरू नका. वाडीत सुपारी सोलणाऱ्या बाईशी बोला. खाडीवर जाळे विणणाऱ्याला भरती-ओहोटीचे विचारा. आणि कोर्लईला गेलात, तर एखाद्या म्हाताऱ्या आजीला एवढेच विचारा, "आजी, तुमच्या बोलीत याला काय म्हणतात?" ती हसेल आणि शब्द सांगेल. तो नीट ऐकून घ्या, आणि आजूबाजूला तिची नातवंडे असतील तर त्यांनाही ऐकू द्या.